इशारा मिळाला होता : विनाशिका ‘शेफील्ड’ची कहाणी

२०२० च्या सप्टेंबर महिन्यात आपल्या गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर ‘आयएनएस विराट’ ही विमानवाहू नौका भंगारात निघण्यासाठी आली. वर्तमानपत्रांत तिचे फोटो छापून आले, अनेकांनी हळहळ व्यक्त केली. १२ मे १९८७ रोजी आपल्या नौदलात दाखल झालेली आणि ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झालेली ही नौका मुंबईच्या लोकांनी तर घरच्या माणसासारखी पाहिली होती.

‘विराट’चे माहेर इंग्लंडचे. १९५९ साली ती ‘एचएमएस हर्मिस’ या नावाने ब्रिटिश नौदलात रुजू झाली होती आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका तीच होती. त्या युद्धात ‘हर्मिस’ला एक ओरखडाही उठला नाही. परंतु तिच्या रक्षणासाठी काही सागरी मैल पुढे जाऊन पहारा देणाऱ्या नौकांपैकी एक मात्र परत आली नाही. तिचे नाव ‘एचएमएस शेफील्ड’. ‘हर्मिस’ आणि ‘शेफील्ड’ या दोघी इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेस या एकाच गावच्या गोदीत जन्मल्या होत्या. एक म्हातारी होऊन अलंगला आली, दुसरी अवघ्या सात वर्षांच्या नोकरीनंतर दक्षिण अटलांटिक महासागराच्या तळाशी गेली.

‘शेफील्ड’ क्षेपणास्त्राने बुडाली एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण ती का बुडाली, हा प्रश्न विचारला की उत्तर क्षेपणास्त्रापाशी संपत नाही. ते माणसांपाशी येऊन थांबते. म्हणून ही कहाणी आपणही समजून घ्यावी अशी आहे.

नावाचा वारसा

शेफील्ड हे इंग्लंडमधले पोलादाचे शहर. सुऱ्या-चमच्यांपासून यंत्रांच्या भागांपर्यंत सगळे तिथे घडत असे. या शहराचे नाव ब्रिटिश नौदलाने आधी दुसऱ्या महायुद्धातील एका क्रूझरला दिले होते. तिच्यावर पितळेऐवजी शेफील्डच्या स्टेनलेस स्टीलचे सामान बसवले होते, ते सतत लखलखत असे, म्हणून खलाशी तिला लाडाने ‘शायनी शेफ’ म्हणत.

या क्रूझरच्या आयुष्यातला एक प्रसंग इथे सांगितलाच पाहिजे. २६ मे १९४१ रोजी जर्मनीच्या ‘बिस्मार्क’ या बलाढ्य युद्धनौकेचा पाठलाग चालू होता. ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेवरून टॉर्पेडो घेतलेली स्वोर्डफिश विमाने निघाली. दरम्यान ‘बिस्मार्क’च्या मागावर राहण्यासाठी ‘शेफील्ड’ला एकटीला पुढे पाठवले गेले होते. तसा संदेश ‘आर्क रॉयल’ला मिळालाही होता, पण तो सांकेतिक भाषेतून उलगडून वैमानिकांना सांगेपर्यंत विमाने उडून गेली होती. ढगांखाली एकटी नौका दिसताच वैमानिकांनी तिलाच ‘बिस्मार्क’ समजून टॉर्पेडो सोडले. मागाहून ‘शेफील्डकडे लक्ष ठेवा’ असा संदेश साध्या भाषेत पाठवला गेला, तोवर उशीर झाला होता. टॉर्पेडोंचे चुंबकीय स्फोटक सदोष निघाले, काही पाण्यात पडताच फुटले आणि उरलेले कप्तानाने कौशल्याने चुकवले, म्हणून नौका वाचली. त्याच संध्याकाळी दुसऱ्या प्रकारचे स्फोटक लावून विमाने पुन्हा गेली आणि ‘बिस्मार्क’चे सुकाणू निकामी झाले.

म्हणजे निरोप निघाला होता, पोहोचलाही होता, परंतु ज्याच्या हाती कृती होती त्याच्यापर्यंत वेळेत गेला नव्हता. त्या दिवशी नशीब बलवत्तर होते. एकेचाळीस वर्षांनी याच नावाच्या दुसऱ्या नौकेवर जवळजवळ तसाच प्रसंग आला, तेव्हा नशिबाने साथ दिली नाही.

नव्या ‘शेफील्ड’चा जन्म

महायुद्धानंतर ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती. साम्राज्य आटोपत होते. १९६६ साली संरक्षण खर्चाचा फेरआढावा घेऊन सरकारने नव्या मोठ्या विमानवाहू नौकेची योजनाच रद्द केली. तिच्या रक्षणासाठी आखलेल्या मोठ्या विनाशिकांपैकी ‘ब्रिस्टल’ ही एकच बांधली गेली. पुढच्या काळासाठी लहान, स्वस्त आणि संख्येने जास्त बांधता येईल अशी विनाशिका हवी होती. त्यातून ‘टाइप ४२’ हा वर्ग जन्मला आणि त्यातली पहिली नौका म्हणजे ‘शेफील्ड’.

१५ जानेवारी १९७० रोजी बॅरोच्या व्हिकर्स गोदीत तिच्या बांधणीला आरंभ झाला. १० जून १९७१ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तिचे जलावतरण झाले. बांधणी चालू असताना नौकेत स्फोट होऊन गोदीतील दोन कामगार मृत्युमुखी पडले आणि सांगाड्याचा एक भाग निकामी झाला. त्याच गोदीत याच नमुन्याची आणखी एक नौका तयार होत होती, तिचा तसाच भाग काढून ‘शेफील्ड’ला जोडण्यात आला. ती दुसरी नौका होती ‘हर्क्युलिस’, आणि ती बांधली जात होती अर्जेंटिनाच्या नौदलासाठी! पुढे जिच्याशी युद्ध व्हायचे होते त्या देशाच्या नौकेचा तुकडा ‘शेफील्ड’च्या अंगात जन्मापासूनच होता.

१६ फेब्रुवारी १९७५ रोजी ती सेवेत दाखल झाली. लांबी सुमारे १२५ मीटर, वजन चार हजार टनांहून अधिक, नौसैनिक पावणेतीनशेच्या आसपास. वाफेच्या बॉयलरऐवजी तिच्यात विमानाच्या इंजिनांवरून घडवलेली गॅस टर्बाइन होती. सावकाश चालीसाठी दोन लहान ‘टाइन’ आणि वेगासाठी दोन मोठी ‘ऑलिंपस’. वेग ताशी ३० सागरी मैल. पुढच्या बाजूला साडेचार इंची तोफ, तिच्यामागे ‘सी डार्ट’ या विमानविरोधी क्षेपणास्त्राचा जोडमारा आणि मागे एक लिंक्स हेलिकॉप्टर.

‘सी डार्ट’ हेच तिचे मुख्य शस्त्र. परंतु ते आखले होते अटलांटिकवर उंचावरून येणाऱ्या सोव्हिएत बॉम्बफेक्या विमानांसाठी. पाण्याला चिकटून येणाऱ्या लक्ष्यावर त्याची पकड कमजोर होती. दूरचा वेध घेणारे तिचे मुख्य रडारही जुन्या पिढीचे होते. उंचावरचे विमान त्याला लांबून दिसे, पण लाटांच्या अगदी वरून येणारी छोटी वस्तू समुद्राच्या गोंधळात हरवून जाई. जवळच्या बचावाला साध्या वीस मिलिमीटरच्या दोन तोफा. खर्च कमी करायचा म्हटले की कात्री कुठेतरी लागतेच. इथे ती अशी लागली होती.

१९७६-७७ मध्ये ‘शेफील्ड’चे कप्तान होते सँडी वुडवर्ड. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

क्षेपणास्त्रांचे युग

विनाशिका आणि जहाजभेदी क्षेपणास्त्र यांची गाठ १९८२ पूर्वी दोनदा पडली होती, आणि दोन्ही वेळा बुडालेल्या विनाशिका मूळच्या ब्रिटिश होत्या. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका इजिप्तच्या छोट्या नौकांनी पोर्ट सैदजवळ सोव्हिएत बनावटीच्या ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रांनी बुडवली. ती पूर्वीची ‘एचएमएस झेलस’. ४७ जण गेले.

दुसरा प्रसंग आपल्याला अभिमानाने ठाऊक आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय नौदलाच्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. ‘निर्घात’ने सोडलेल्या स्टिक्स क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली, दोनशेहून अधिक नौसैनिकांसह. ती पूर्वीची ‘एचएमएस कॅडिझ’, १९४६ साली ब्रिटिश सेवेत आलेली. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो याच पराक्रमाचा. या हल्ल्यातली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. आकाशातून येणारा तो प्रखर प्रकाश पाहून ‘खैबर’वरच्या लोकांना ते विमान वाटले. त्यांनी त्यावर तोफा डागल्या आणि शेवटच्या संदेशातही शत्रूच्या विमानाने हल्ला केल्याचेच कळवले. आपल्याला कशाने मारले हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नव्हते.

अकरा वर्षांनंतर ‘शेफील्ड’वरच्या लोकांना क्षेपणास्त्र म्हणजे काय, हे पुरेपूर माहीत होते. ब्रिटिश नौदलाकडे स्वतःकडे फ्रेंच बनावटीची ‘एक्झोसे’ क्षेपणास्त्रे होती. एवढेच की ते आज, इथे, आपल्यावर येईल असे त्यांना वाटत नव्हते.

दक्षिणेकडे

१९८१ च्या अखेरीस ‘शेफील्ड’ इराणच्या आखाताकडे गस्तीसाठी गेली होती. काही महिन्यांची ती मोहीम संपवून परत येताना जिब्राल्टरजवळच्या नौदल सरावात ती सामील झाली. खलाशांना घरचे वेध लागले होते. तेवढ्यात २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे ताब्यात घेतली. सरावातल्या अनेक नौकांना तिथूनच दक्षिणेकडे वळण्याचा हुकूम झाला. घरी न जाताच ‘शेफील्ड’ आठ हजार मैलांवरच्या युद्धाला निघाली.

बेटांवर उतरणाऱ्या अर्जेंटिनाच्या पहिल्या कमांडो तुकडीला घेऊन आलेली नौका होती ‘सांतिसिमा त्रिनिदाद’, म्हणजे टाइप ४२ वर्गाचीच विनाशिका. या युद्धात दोन्ही बाजूंना एकाच साच्यातल्या नौका होत्या. ‘सी डार्ट’ काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे अर्जेंटिनाला स्वतःच्या नौकांवरून कळत होते. पाण्यालगत उडत आलो तर रडारला उशिरा दिसतो, हे त्यांच्या वैमानिकांनी ओळखले होते.

ब्रिटिश ताफ्याचे नेतृत्व आता रिअर ॲडमिरल झालेल्या सँडी वुडवर्ड यांच्याकडे होते. त्यांचा मुक्काम ‘हर्मिस’वर. ‘हर्मिस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या दोन विमानवाहू नौकांवर सगळी भिस्त होती. त्यातली एक गमावली असती तर बेटे परत घेणे अशक्य झाले असते. म्हणून ‘शेफील्ड’, ‘ग्लासगो’ आणि ‘कॉव्हेंट्री’ या तीन भगिनी विनाशिका शत्रूच्या दिशेला पुढे पसरून पहाऱ्याला ठेवल्या गेल्या. पुढे उभे राहणाऱ्यावर पहिला वार येणार, हे उघड होते. आपण एके काळी ज्या नौकेचे कप्तान होतो तीच नौका वुडवर्ड यांना त्या जागी ठेवावी लागली. ‘शेफील्ड’ची सूत्रे या वेळी कॅप्टन सॅम सॉल्ट यांच्या हाती होती.

२ मे रोजी ब्रिटिश पाणबुडी ‘कॉन्करर’ने अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ ही क्रूझर बुडवली. ३२३ जण मृत्युमुखी पडले. युद्ध आता खरोखरचे झाले होते.

४ मे १९८२

अर्जेंटिनाच्या नौदलाकडे त्या वेळी फ्रान्सकडून मिळालेली पाचच ‘सुपर एतांदार’ विमाने आणि विमानातून सोडायची पाचच एक्झोसे क्षेपणास्त्रे होती. युद्ध सुरू होताच फ्रान्सने पुढचा पुरवठा रोखला. क्षेपणास्त्र विमानाशी जोडण्याचे उरलेले तांत्रिक काम अर्जेंटिनाच्या तंत्रज्ञांनी स्वतः डोके लढवून पुरे केले.

त्या दिवशी सकाळी एका जुन्या नेपच्यून टेहळणी विमानाने ब्रिटिश नौकांचा ठावठिकाणा हेरला. दक्षिण टोकाच्या रिओ ग्रांदे तळावरून दोन सुपर एतांदार विमाने उडाली. एकात ऑगुस्तो बेदाकारात्स, दुसऱ्यात आर्मांदो मायोरा. प्रत्येकाकडे एकेक क्षेपणास्त्र. वाटेत आकाशातच त्यांनी टँकर विमानाकडून इंधन घेतले आणि मग लाटांलगत, रेडिओ बंद ठेवून, ती पुढे सरकत राहिली. लक्ष्य शोधण्यासाठी ती क्षणभर वर आली, रडार चालू केले आणि पुन्हा खाली गेली.

तो एक क्षण ‘ग्लासगो’ने पकडला. रडारच्या लहरी टिपणाऱ्या तिच्या यंत्राने हे सुपर एतांदारचे रडार असल्याचे ओळखले. ‘हँडब्रेक’ हा ठरलेला सांकेतिक शब्द रेडिओवरून सगळ्या ताफ्याला गेला. ‘ग्लासगो’ने स्वतःभोवती ‘चाफ’ उडवले. चाफ म्हणजे मिठाईवरच्या वर्खासारख्या बारीक चमकत्या पट्ट्यांचा ढग. क्षेपणास्त्राच्या रडारला तो नौकेसारखा भासतो आणि ते चकते. उपाय अगदी साधा आणि काही सेकंदांत होणारा.

परंतु विमानविरोधी बचावाचे सूत्र सांभाळणाऱ्या ‘इन्व्हिन्सिबल’वर हा इशारा ग्राह्य धरला गेला नाही. त्या सकाळी असे अनेक इशारे येऊन गेले होते आणि सगळे खोटे निघाले होते. हाही तसाच समजला गेला.

आणि ‘शेफील्ड’? तिच्याकडेही लहरी टिपणारे तसलेच यंत्र होते, पण नेमक्या त्या वेळी ती उपग्रहावरून मुख्यालयाशी बोलत होती. त्या प्रक्षेपणाने हे यंत्र आंधळे होत असे. ‘ग्लासगो’चा रेडिओवरचा इशारा मात्र तिला मिळाला होता. तरी चाफ उडाले नाही. नौका वळली नाही. सर्वांना आपापल्या युद्धाच्या जागी धाडणारा भोंगा वाजला नाही. कप्तानांना बोलावणेही गेले नाही. नौकेच्या पुलावर उभ्या असलेल्या दोन अधिकाऱ्यांना क्षितिजाकडून धूर येताना दिसला. तो काय आहे हे उमगेपर्यंत काही सेकंदच उरले होते.

एक्झोसेचा वेग ध्वनीच्या वेगाहून थोडासाच कमी. सोडल्यापासून पोहोचेपर्यंत दोनेक मिनिटांचा अवकाश. दोनपैकी एक क्षेपणास्त्र चुकले. दुसरे ‘शेफील्ड’च्या उजव्या बाजूला मध्यभागी, पाण्याच्या पातळीच्या वर घुसले.

आग

क्षेपणास्त्र आत गेले ते भटारखाना आणि इंजिनांच्या परिसरात. दुपारच्या जेवणाची तयारी चालू होती. मृतांमध्ये आचारी आणि स्वयंपाकघरात काम करणारी मंडळी बरीच होती. हाँगकाँगहून आलेला, नौकेवरचे कपडे धुणारा एक चिनी कामगारही त्यात होता. बंदुकीशी ज्यांचा दिवसभर संबंध येत नाही अशीच ही माणसे.

क्षेपणास्त्रातले उरलेले इंधन पेटले आणि नौकेच्या टाक्यांतले डिझेलही. आग विझवण्यासाठी नौकाभर फिरवलेली पाण्याची मुख्य नळी पहिल्याच तडाख्यात फुटली होती. पंप चालेनात. तारांच्या वेष्टनातून निघणारा काळा विषारी धूर एवढ्या वेगाने पसरला की आगीपेक्षा धुरानेच जास्त कोंडी केली. खलाशी बादल्यांनी पाणी ओतत होते. चार हजार टनांच्या, क्षेपणास्त्रे आणि संगणक असलेल्या नौकेवर शेवटी हातात बादली आली!

संगणक कक्षात लेफ्टनंट कमांडर जॉन वुडहेड आणि त्यांचे सहकारी शस्त्रांची यंत्रणा पुन्हा चालू करण्यासाठी धुरातच थांबले. ते बाहेर आले नाहीत. पेटी ऑफिसर डेव्हिड ब्रिग्ज आग विझवण्याचे साहित्य आणण्यासाठी नौकेच्या पुढच्या भागात पुन्हा पुन्हा गेले आणि अखेर धुराने गुदमरले. दोघांनाही मरणोत्तर शौर्यपदके मिळाली.

‘ॲरो’ आणि ‘यार्मथ’ या फ्रिगेट मदतीला धावल्या. ‘ॲरो’ जळत्या नौकेच्या अंगाला अंग लावून उभी राहिली. हेलिकॉप्टरने जखमींना ‘हर्मिस’वर नेले. आपण ज्या ‘विराट’ला ओळखतो तिच्याच डेकवर ती भाजलेली पोरे उतरवली गेली. सुमारे चार तास झुंज दिल्यावर आग क्षेपणास्त्रांच्या कोठाराकडे सरकू लागली, तेव्हा कॅप्टन सॉल्ट यांनी नौका सोडण्याचा हुकूम दिला. सुटकेची वाट पाहताना खलाशांनी एका विनोदी इंग्रजी सिनेमातले गाणे म्हटले, हे पुढे जगभर गाजले.

वीस जण गेले. पोकळ झालेली ‘शेफील्ड’ आणखी सहा दिवस तरंगत राहिली. ‘यार्मथ’ तिला दोर लावून ओढत नेत असताना समुद्र खवळला, बाजूच्या भगदाडातून पाणी शिरले आणि १० मे रोजी ती बुडाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शत्रूच्या हल्ल्यात बुडालेली ही पहिली ब्रिटिश युद्धनौका. ती जागा आता कायद्याने संरक्षित युद्धसमाधी आहे.

अहवाल

त्याच वर्षी नौदलाने चौकशी केली. परंतु अहवाल बराच काळ गुप्त राहिला. काही भाग झाकून तो २००६ मध्ये बाहेर आला आणि पूर्ण स्वरूपात लोकांसमोर आला तो २०१७ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी.

त्यातून कळले ते असे. हवाई हल्ल्यापासून बचावाची जबाबदारी असलेला अधिकारी त्या वेळी नियंत्रण कक्षात नव्हता, तो अधिकाऱ्यांच्या खोलीत कॉफी घेत होता. त्याचा मदतनीसही प्रसाधनगृहाकडे गेला होता. इशारा आल्यावर कक्षातल्या अधिकाऱ्याने ठरलेली पावले उचलली नाहीत. सुपर एतांदार विमाने एवढ्या लांब येऊच शकत नाहीत असे गृहीत धरले गेले होते, त्यांना आकाशात इंधन भरता येते हे लक्षात घेतले नव्हते. दोन अधिकाऱ्यांवर निष्काळजीपणाचा ठपका होता, पण कुणावरही खटला चालला नाही.

हे वाचून त्या अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु थोडा विचार केला तर मन थबकते. महिनोन्‌महिने घराबाहेर, दिवसरात्र पाळ्या, थंडी, खवळलेला समुद्र आणि सकाळपासून एकामागून एक खोटे ठरलेले इशारे. कप्तान सॉल्ट किंवा त्यांचे लोक भित्रे नव्हते, आगीत त्यांनी जे केले त्यावरून ते दिसतेच. दहाव्या इशाऱ्याला पहिल्या इशाऱ्याइतकेच खरे मानायचे, ही गोष्ट शौर्यापेक्षाही कठीण असते. शौर्य प्रसंग आल्यावर जागे होते. सावधपणा प्रसंग आलेला नसताना जागा ठेवावा लागतो.

काय शिकले?

‘शेफील्ड’च्या बाबतीत काही समज अजूनही फिरतात. ती ॲल्युमिनियमची होती म्हणून जळाली, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते चूक आहे. ‘शेफील्ड’चे वरचे बांधकामही पोलादाचेच होते. क्षेपणास्त्र फुटलेच नाही, नुसत्या आगीने नौका गेली, असे १९८२ च्या चौकशीचे मत होते. २०१५ मध्ये आधुनिक साधनांनी फेरतपासणी झाली, तेव्हा त्याचा स्फोट झाला होता असा निष्कर्ष निघाला.

खरे धडे निराळे होते. अंगावर वितळून चिकटणारे कृत्रिम धाग्याचे कपडे बदलले गेले. धूर अडवणारे पडदे, बाहेर पडताना श्वासाला मदत करणारी उपकरणे, आगीच्या पाण्याची पर्यायी सोय यांकडे लक्ष दिले गेले. उरलेल्या टाइप ४२ नौकांवर जवळ आलेले क्षेपणास्त्र आपोआप टिपणाऱ्या ‘फॅलँक्स’ तोफा बसल्या. पण धडा एकदा लिहिला की सगळ्यांनी वाचला असे होत नाही. १९८७ मध्ये इराणच्या आखातात अमेरिकेच्या ‘स्टार्क’ या फ्रिगेटवर इराकी विमानातून दोन एक्झोसे आदळली आणि ३७ नौसैनिक गेले. तिथेही विमान रडारवर दिसत होते.

आणि मग २५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू होते. कुवेतच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेची ‘मिसुरी’ ही जुनी युद्धनौका किनाऱ्यावर तोफा डागत होती आणि तिच्या रक्षणाला होती टाइप ४२ वर्गातलीच ‘ग्लॉस्टर’. इराकने किनाऱ्यावरून ‘सिल्कवर्म’ क्षेपणास्त्र सोडले. हे ‘सिल्कवर्म’ म्हणजे ‘एलात’ आणि ‘खैबर’ बुडवणाऱ्या त्याच ‘स्टिक्स’चा चिनी वंशज. रडारच्या पडद्यावर एक ठिपका उमटला. त्याच आकाशात दोस्तांची विमानेही ये-जा करत होती आणि ठिपका त्यांच्यासारखाच दिसत होता. पण लेफ्टनंट कमांडर मायकेल रायली यांना तो वेगळा वाटला. दीड मिनिटाच्या आत निर्णय झाला आणि ‘सी डार्ट’ने ते क्षेपणास्त्र हवेतच पाडले. समुद्रावरच्या युद्धात क्षेपणास्त्राने क्षेपणास्त्र पाडल्याचे ते पहिले उदाहरण मानले जाते.

वर्ग तोच आणि शस्त्रही तेच ‘सी डार्ट’, जरी यंत्रे काही सुधारलेली होती. मिळालेला वेळ तर साधारण तेवढाच. फरक होता तो पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या जागेपणात, आणि त्या जागेपणाची किंमत ‘शेफील्ड’वरच्या वीस जणांनी आधीच मोजलेली होती.

शेवटी

टाइप ४२ वर्गातल्या ब्रिटिश नौदलाच्या चौदा नौकांपैकी शेवटची ‘एडिंबरा’ २०१३ मध्ये निवृत्त झाली. त्याच वर्षी अर्जेंटिनाची ‘सांतिसिमा त्रिनिदाद’ धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत, देखभालीअभावी बुडाली. शत्रूने नव्हे, दुर्लक्षाने.

मी पदविका घेऊन सरकारी नोकरीत आलेला साधा माणूस. समुद्रावर कधी नोकरी केली नाही. पण पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा नियंत्रण कक्षातली रात्रपाळी काय असते ते आम्हा सरकारी नोकरांना ठाऊक आहे. फोन वाजतो, निरोप नोंदवहीत उतरतो, वेळ लिहिली जाते, सही होते. दहापैकी नऊ निरोप फुसके निघतात. दहाव्याला पेन हातात घेताना मला आताशा ‘ग्लासगो’चा तो शब्द आठवतो. निरोप नोंदवला म्हणजे काम झाले असे वाटू लागते तिथेच धोका असतो. नोंद ही कृती नव्हे.

गणपती बसले की आपल्या मंडळातली पोरे रात्रभर मांडवात जागतात. समईची ज्योत, विजेच्या तारा, पडदे यांवर डोळा ठेवतात. बहुतेक वर्षे काहीच घडत नाही, आणि काही घडले नाही याचे श्रेय कुणी त्यांना देतही नाही. ‘शेफील्ड’ची कहाणी वाचल्यापासून मी सकाळी आरतीला जातो, तेव्हा त्या तांबारलेल्या डोळ्यांच्या पोरांना आधी चहा पाजतो.